शिताने चिकटवलेला नट

पक्षाघाताने इसाओचा उजवा हात गेला आणि तो हॉस्पिटलात असतानाच मुलाने त्याचा जुना वायरलेस सेट कुणाला तरी देऊन टाकला. "बाबांना आता कशाला लागतोय?" म्हणाला. पोरगा वाईट नव्हता, अतिशहाणा होता. दर रविवारी सकाळी होक्काइदोच्या हिराता या जुन्या दोस्ताशी मोर्स कोडच्या कळीवर कडकट्ट करत गप्पा मारल्याशिवाय बाबांच्या गळ्याखाली चहा उतरत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर इसाओने सेनबेईचा, म्हणजे तांदळाच्या बिस्किटांचा, रिकामा पत्र्याचा डबा पुढ्यात ओढला आणि त्यात छोटासा सेट बसवायला घेतला. येत्या रविवारी हिराताला हाक घालायची आणि स्वतः बांधलेल्या सेटवरूनच घालायची, एवढाच हट्ट. सर्किटचा बोर्ड चिमट्यात अडकवून त्याने डाव्या हाताने कसाबसा सोल्डर केला. पण डब्यात बसवताना गाडं अडलं. बोर्ड पत्र्याला टेकला की सगळं जळणार, म्हणून तो छोट्या नळ्यांवर उचलून धरायचा, बाहेरून स्क्रू घालायचा आणि आत नट धरायचा. एका हाताने स्क्रू फिरवला की नट टणकन उडून खालच्या तातामी चटईवर घरंगळायचा.

"अहो, मी नुसतं बोट लावते तिथे," त्याची बायको तोमिको म्हणाली. "बोट लावलं म्हणजे काय मदत झाली?"

"बोटानेच सुरुवात होते. उद्या म्हणशील, घास भरवते."

"भरवला असता. पण तुम्ही चावाल."

जेवताना डाव्या हातातल्या काड्यांतून भात सांडायचाच. शनिवारी सकाळी तोमिको त्याची बाही नखाने खरवडत बसली. "कालचं शीत आहे वाटतं. दगड झालाय नुसता, निघेल तर शपथ."

इसाओ बाहीकडे बघतच राहिला. ज्या सांडलेल्या भाताची त्याला रोज लाज वाटायची, तोच आज कामाला आला. त्याने वाटीतली शितं बोटाने चुरडली. बोर्डाच्या प्रत्येक भोकावर वरून नट, खालून नळी अशी चिकटवली आणि बोर्ड स्टोव्हजवळ वाळत ठेवला. दुपारी डबा मांड्यांत आडवा धरून बाहेरून स्क्रू फिरवला. नट हलला नाही. पहिला स्क्रू घट्ट बसला तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की तोमिको हातातलं भांडं टाकून धावत आली.

आता फक्त कडकट्ट करायच्या कळीची वायर जोडायची राहिली. डबा टेबलावर सरळ ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिचं भोक त्याने उजव्या बाजूला पाडलंय. आयुष्यभराची सवय. हात गेला, हे हाताला कळलं होतं, त्याला स्वतःला नव्हतं. मग त्याने ड्रिल उचललं आणि डावीकडे दुसरं भोक पाडलं.

"ते उजवीकडचं बुजवायचं का?" तोमिकोने हळूच विचारलं.

"राहू दे. हवा खेळेल."

रविवारी ठरल्या वेळी त्याने हाक घातली. डाव्या हाताची कडकट्ट अडखळत होती. कानावर हेडफोन घट्ट दाबून तो थांबला. उत्तर आलं, पण भलतंच. हस्ताक्षर ओळखावं तसा हिराता त्याचा हात ओळखायचा. तो विचारत होता, 'हाक इसाओच्या नावाची आहे, पण हा हात त्याचा नाही. कोण बोलतंय?'

'मीच. डाव्या हाताने.'

मग हिराता बोलायला लागला, पण एकेक अक्षर सुटं, नवशिक्याशी बोलावं तसं. इसाओचं डोकंच फिरलं. त्याने कळ दणादण आपटली. 'हात बदललाय. कान तेच आहेत. नेहमीसारखा बोल!'

मग मात्र हिराता सुटला. इतके दिवस कुठे मेला होतास इथपासून सुरुवात केली आणि यंदाच्या बर्फावरून बायकोच्या गुडघ्यांवर आला. वेग तोच, लकबीही त्याच. इसाओने अक्षरं टिपायला झटकन पेन्सिल उचलली. पण लिहायला गेला की कागद सरकायचा. दाबून धरायला दुसरा हात नव्हता आणि अक्षरं तर धावत होती.

"तोमिको! इकडे ये. इथे बोट ठेव."

तिने ॲप्रनला हात पुसले आणि कागदाच्या कोपऱ्यावर बोट टेकलं.

"बोटानेच सुरुवात होते, बरं का," ती म्हणाली.

"गप गं. ऐकू दे."