वरच्या दाराची टिंग

हॉलमध्ये खुर्च्या साठ आणि म्हातारे नव्वद. दोघं तर खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसले होते. त्यातल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वीच झालेलं. पण चमत्कार म्हटल्यावर गुडघा कोण विचारतो!

टेबलावर एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा फोन पडला होता. ट्रकखाली गेलेला, पापडासारखा. टेबलामागे मेमरीबाबा. झुळझुळीत सदरा, कानाला माइक आणि हातात कोरा करकरीत फोन.

"आजी, देह फुटलाय, आत्मा शाबूत आहे!" बाबा गरजले. "फोटो मरत नाहीत, वर जातात. मी फक्त वर निरोप धाडतो. डोळे मिटा सगळ्यांनी!"

नव्वद जणांनी डोळे मिटले. बाबांनी फुटका फोन उलटा करून पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि नव्या फोनवर अंगठा नाचवला. मग कुठूनशी, लाउडस्पीकरच्या बाजूनं, बारीकशी 'टिंग' झाली.

"ऐकलंत? वरचं दार उघडलं!"

मिनिटभरात नव्या फोनवर बाईंचे फोटो धडाधड उतरायला लागले. शाळा, नातवंडं, कुठलासा डोंगर, पुन्हा शाळा. बाई हुंदके द्यायला लागल्या. टाळ्यांनी पंखे हलले. ते बंद होते तरी.

तिसऱ्या रांगेत रिपोर्टकाकांनी वहीत लिहिलं, 'फोन अकरावा. टिंग झाली. फोटो आले.'

काका चाळीस वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते, म्हणून हे नाव. बायको जाऊन तीन महिने झाले होते आणि अजून त्यांना काही वाटलंच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला नसतोच, तसं सगळं. डबा यायचा, ते जेवायचे. लोक भेटायला यायचे, ते चहा विचारायचे. अशाच एका सकाळी त्यांनी शर्ट साबणाच्या पाण्यात भिजत घातला, खिशातल्या फोनसकट. दुपारी लक्षात आलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

फक्त त्या फोनमध्ये तिचे आवाज होते. काकांना ऐकू कमी येतं आणि तिला ओरडायचा कंटाळा, म्हणून ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आवाजी मेसेज पाठवायची. त्रेचाळीस होते. तिचा स्वतःचा फोन ती गेल्यावर सगळं पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. ती गेल्यावर त्यांनी एकही लावला नव्हता. लावू कधीतरी, असं म्हणत राहिले.

बाबांनी त्यांचेही फोटो मागच्या रविवारी उतरवून दिले होते. विजेची बिलं, काकांचा स्वतःचा अंगठा, आणि बायकोचं अर्धं डोकं. आवाज मात्र नाही.

"आवाज वरच्याही वरच्या मजल्यावर असतो," बाबा म्हणाले होते. "त्यासाठी फोनचा देह माझ्या स्वाधीन करावा लागेल. पुढच्या रविवारी या पेटीत सोडा."

तो रविवार आज होता. मेलेला फोन काकांच्या पिशवीत होता.

"भावजी, देऊन टाकू नका हं," शेजारून मेहुणी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "ताईचं तेवढंच राहिलंय."

"न देऊन तरी काय करणार?"

"तुमची वही काय म्हणते?"

काकांनी वही उघडली. अकरा फोन. सात जणांना टिंग, चौघांना 'श्रद्धा कमी पडली'. सातही फोनांच्या पाठीवर चिठ्ठी होती, चौघांच्या नव्हती.

"अशी चिठ्ठी माझ्याही फोनवर आहे," मेहुणी म्हणाली. "चौकातल्या दुकानदारानं चिकटवलीय, माझ्या ईमेलची. म्हणाला, मावशी, तुम्ही विसराल."

"तुझ्या फोनमध्ये बघू जरा."

दोघं हॉलबाहेर पायरीवर बसली. दोघांत मिळून एक धड चष्मा. बराच वेळ चुकीच्या जागी बोटं घालून, एकदा भलत्यालाच फोन लावून आणि त्याची माफी मागून झाल्यावर सापडलं. 'पासवर्ड विसरल्यास या नंबरवर कोड पाठवू.'

"हा नंबर माझा नाहीच मुळी!" मेहुणी म्हणाली. "अहो, हा तर दुकानाच्या पाटीवरचा!"

काकांनी मान वर करून दारातून आत पाहिलं. लाउडस्पीकरच्या मागे तोच दुकानदार बसला होता, मांडीवर फोन घेऊन. सेवा म्हणून स्पीकर सांभाळत होता बिचारा.

"तो नंबर काढ," काका म्हणाले. "माझा घाल."

काकांचं सिम सध्या बटणांच्या एका जुन्या डबडा फोनमध्ये होतं. पाच मिनिटांनी काका आपल्या जागी परतले, मेहुणी पदर सावरत टेबलापाशी गेली आणि तिनं बंद केलेला फोन समोर ठेवला.

"बाबा, गेला हो माझा!"

"गेलेलाच परत येतो, मावशी!" बाबांनी चिठ्ठी वाचली. अंगठा नाचला. डोळे मिटले गेले.

टिंग!

ती तिसऱ्या रांगेतून आली. काकांच्या खिशातून.

नव्वद जणांनी डोळे उघडले. बाबा लाउडस्पीकरकडे बघायला लागले, दुकानदार छताकडे.

काका उठले. डबडं नाकाजवळ धरून म्हणाले, "वरचं दार माझ्या खिशात उघडलंय. सहा आकडी कोड आलाय. वाचून दाखवू का, बाबा?"

"हा... हा श्रद्धेचा अपमान..."

"फोटो वर बिर जात नाहीत. फोन चालू असताना आपोआप त्यांची एक प्रत आपल्या खात्यात जमा होत असते. बाबा फक्त 'पासवर्ड विसरलो' दाबतात आणि कोड त्या स्पीकरमागच्या गृहस्थांना जातो, ते तो बाबांना कळवतात. हे आपल्या प्रत्येकाच्या घरी, फुकट, सोफ्यावर बसून होतं."

"काय रे मेल्या!" मुख्याध्यापिका दुकानदाराला म्हणाल्या. त्यांच्या शाळेतलाच निघाला तो.

"बाई, मेहुण्याचा आग्रह होता," दुकानदार पुटपुटला. म्हणजे बाबा त्याचे मेहुणे होते. पेटीत आलेले फोन सुटे करून दुकानात वापरायचे, हेही बाईंनी दोन प्रश्नांत काढून घेतलं.

"आणि ताईचा आवाज?" मेहुणीनं विचारलं.

दुकानदारानं मान खाली घातली. "मेसेजची प्रत वेगळी ठेवावी लागते, मावशी. ती मी कुणाच्याच फोनमध्ये चालू केली नव्हती. तो आवाज असला तर फक्त काकांच्या त्या फोनमध्येच."

दुसऱ्या दिवशी फोन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी काकांचा फोन उघडला. साबणानं आतली सर्किटची पाटी पांढरी पडली होती. भिंगातून बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "काका, खोटं सांगत नाही. यातलं काही निघणार नाही." काका म्हणाले, "बरं." आणि त्यांनी त्यांना चहा विचारला. दुकान त्यांचं नव्हतं, तरी.

पुढच्या रविवारी त्याच टेबलामागे काका बसले. समोर चाळीस-एक जण फोन घेऊन उभे होते. काकांना बोलायची सवय नव्हती. रिपोर्ट वाचावा तसं बोलले.

"माझ्या बायकोचा आवाज आला नाही. येणारही नाही. कुणी आणून देतो म्हणाला, तर तो लबाड आहे, एवढं समजा. यंत्राला माया नसते आणि रागही नसतो. आपण ठेव म्हटलं तेवढंच ते ठेवतं. मी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणा. फोटो आणि मेसेज, दोन्हीची प्रत चालू आहे का, स्वतः बघा. कोडसाठी स्वतःचा नंबर घाला, नाहीतर घरातल्या खात्रीच्या माणसाचा. कळलं नाही तर दहा वेळा विचारा, पण डोळे उघडे ठेवून विचारा."

पुढे एक आजोबा होते, हात थरथरणारे. मागे त्यांची बायको, "नीट धरा, पाडाल!" म्हणून ओरडत होती.

"यांचा आवाज आहे का फोनमध्ये?" काकांनी तिच्याकडे बोट करत विचारलं.

"आहे की! दिवसभर हाच!"

"मग आधी तो ठेवू," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.