मधली खुर्ची

यारेत्सीने फोटो भिंतीवर चिकटवला, पण ती त्याच्यावरचा हात काही काढेना.

चर्चच्या तळघरात आज पोरांचे आईबाप जमले होते. टेबलावर मक्याच्या पिठाच्या तमालेंची परात वाफाळत होती. आपल्या वयाच्या पोरांचं मन कशाने जड होतं, याचा शोध ही द्राक्षमळ्यांच्या गावातली, घरी स्पॅनिश बोलणारी पोरं स्वतःच घेत होती. प्रश्न त्यांचे, फोटो त्यांचे. विद्यापीठातून येणाऱ्या सोकोरोताईंचा नियम एकच : फोटो ज्याचा, त्यानेच बोलायचं.

"काढ की हात," मागून त्यांच्यातलाच नेफ्ताली म्हणाला. "का हाताचाच फोटो आहे?"

तिने हात काढला. फोटोत दवाखान्यातल्या तीन खुर्च्या होत्या.

"मधली माझी," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "लहानपणापासून. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला आई. त्यांचं इंग्रजी मी आईला सांगते. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही. काही चुकलं तर? आणि वाईट असलं ना, की मी अर्धंच सांगते."

आईकडे बघायची तिची हिंमत होईना. पोरीला त्रास नको म्हणून आई दवाखानाच सोडेल, हीच धास्ती. साखर एवढी वाढलेली असताना!

तिची आई, ओफेलिया, उठली. हात ॲप्रनला पुसले.

"डॉक्टर पाच मिनिटं बोलायचा, आणि तू म्हणायचीस, 'सगळं ठीक आहे.' मला काय कळत नव्हतं होय? पण तुझा चेहरा बघून मी गप्प बसायची."

यारेत्सी सवयीने लोकांकडे वळली आणि आईचं बोलणं भराभर इंग्रजीत सांगू लागली.

"अगं ए बाई!" नेफ्ताली ओरडला. "कुणाला सांगतेस? इथे सगळ्यांची आई स्पॅनिशच बोलते!"

तळघर हसलं. यारेत्सीही हसली आणि हसता हसता रडू लागली. ओफेलियाने तिला जवळ घेतलं.

"ताई, दवाखान्यात दुसरं कुणी दुभाषी मिळतं?"

"मिळतं. फुकट. फक्त मागायचं."

"मग मागते. देव तुमचं भलं करो, ताई. आणि या पोरांचंही. माझ्या पोरीला काय होतंय हे मी कधी विचारलंच नव्हतं. यांनी विचारलं."

पुढच्या खेपेला ओफेलिया दुभाषी बाईबरोबर आत गेली. सगळं ऐकलं. गोळ्या वाढल्या, डोळे तपासायला सांगितले. घाबरली थोडी, पण पुरतं ऐकून घाबरली.

बाहेर यारेत्सी दप्तरावर डोकं टेकून गाढ झोपली होती, तोंड उघडं. नर्स तिला उठवायला वाकली.

ओफेलिया मध्ये आली. या दवाखान्यात आजवर तिने इंग्रजीचा एक शब्द काढला नव्हता.

"नो," ती म्हणाली. "शी स्लीप."

आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहिली.