पाहुण्यांनी बांधलेला साकव

मित्रांनो, जांबोटीकडच्या रानात एका ओढ्यावर वाकून उभा असलेला म्हातारा साकव मी. दगडी पाय, लाकडी फळ्यांची पाठ आणि बाजूला कठडा, एवढाच माझा देह. मला बांधायला जपान-जर्मनीहून तरुण मुलंमुली आली होती. पगाराविना, स्वतःच्या खर्चाने येऊन ती गावकऱ्यांबरोबर दगड वाहायची. गावातली राजाबाई त्यांच्या फोड आलेल्या हातांना खोबरेल लावायची आणि म्हणायची, "आईबापानं ह्यासाठी वाढवलं व्हय गं तुमास्नी?"

पुढे दर उन्हाळ्यात असे पाहुणे येत, कुजलेली फळी बदलत, मला तेल पाजत. त्यांच्या जिवावर गुरं, भाताचे भारे, शाळेची पोरं मी सुखाने पार केली.

मग महामारी आली आणि पाहुणे थांबले. ती सरली तरी फारसं कुणी फिरकेना. माझ्या फळ्या मऊ पडल्या. गावात लाकूड होतं, सुतार होता, पण राजाबाईचा मुलगा भरमू म्हणायचा, "पाव्हण्यांचं काम हाय ते. आपुन केलं तर त्यास्नी काय वाटंल? येतील की." तो आळस नव्हता, मायाच होती. पण मायेने फळी टिकत नाही.

एका आषाढात शाळेतून येताना भरमूच्या लेकीचा, आरोहीचा, पाय माझ्यातून आरपार गेला. खाली ओढा फुगलेला. कठडा हाती लागला म्हणून पोर वाचली. राजाबाईने नातीला पोटाशी धरलं आणि ती लेकावर कडाडली, "पोरगी व्हावून गेल्यावर पाव्हण्यांची वाट बघणार हुतास व्हय रं?"

दुसऱ्याच दिवशी गावाने भर पावसात नव्या फळ्या बसवल्या.

यंदा मात्र जर्मनीहून लेना नावाची मुलगी आली. आल्या आल्या तिने बाह्या सरसावल्या. भरमू ओशाळला. "सांग गं आरोही तिला, काम झालंय. आमीच केलं."

लेनाचा चेहरा उतरला. राजाबाईने तिला जवळ बसवलं. "असू दे गं बाई. आता तू सांग, तुमच्याकडं काय मोडलंय?"

आरोहीने ते इंग्रजीत सांगितलं. हे लेनाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू म्हणाली, आजीच्या गावी पुराने नदीकाठची वाट वाहून गेलीय. गावात म्हातारी माणसंच उरलीत.

"मग दगड कोन उचलतंय तिथं?" भरमूने विचारलं. "आमास्नी का न्हाय बोलवत?"

"आधी पासपोर्ट काढ, मग उचल दगड," राजाबाई हसली. पण भरमूने खरंच बेळगावला जाऊन पासपोर्ट काढला. लेनाला इथे पाठवणाऱ्या संस्थेनेच त्याला ती वाट बांधायला बोलावलंय.

मित्रांनो, लांबून येऊन कुणी तुमच्यासाठी काही बांधलं असेल, तर ते उपकार विसरू नका. पण त्यांची वाट बघत ते कुजूही देऊ नका. जपा. आणि जमेल तेव्हा त्यांच्याही हाकेला धावा.

मी काही हा ओढा सोडून कुठे जाणार नाही. पण परवा भरमू निघेल, तेव्हा परदेशाकडची त्याची पहिली पावलं माझ्याच पाठीवर पडतील. मी ती घट्ट पेलीन.