चौथं वर्ष

केंडलने शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र प्रॅटर सरांच्या टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी त्यांच्याकडे सरकवलं.

"हे परत घ्या. ऑगस्टपासून मला वर्गात बसू द्या."

केंटकीच्या डोंगरातल्या त्या शाळेत पुढच्या शिक्षणाचा सल्ला देणं हे प्रॅटर सरांचं काम. म्हणजे बहुतेक पोरांच्या हाती ते ट्रकच्या परवान्याचा फॉर्म ठेवत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे काय दुकानातले बूट आहेत, पोरी, चावले म्हणून परत करायला? सरकारदरबारी तुझी शाळा संपली."

"माझ्या बरोबरीची सगळी अजून शिकतायत."

"तूच हायस्कूलची चार वर्षं तीनात उरकलीस."

उरकली होती खरी. उन्हाळ्याच्या सुट्ट्याही तिने ग्रंथालयातल्या संगणकापुढे, पुढचे विषय पूर्ण करत काढल्या. घाई आईची, टॅमीची होती. टॅमीला शाळेच्या चौथ्या वर्षातच दिवस गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. "या खोऱ्यात चौथं वर्ष पोरी गिळतं," असं ती ऊठसूट म्हणे. म्हणून त्या वर्षाला वळसा घालून केंडलने थेट एका बड्या विद्यापीठाकडे अर्ज केला. एकच. मार्चअखेर नकार आला.

"वरचं गणित चौथ्या वर्षी असतं. ते तू केलंच नाहीस," सर म्हणाले. "ते लोक शंभरात पाच घेतात. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"तुझी आई समोर बसली होती."

केंडलने प्रमाणपत्र पुन्हा आपल्याकडे ओढलं.

"पुन्हा कर की अर्ज," सर चाचरत म्हणाले.

"त्यात नवीन काय लिहू? वर्षभर घरी बसले?"

सरांनी खणातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. शाळेच्या जेवणघरात जागा निघाली होती. रांगेच्या टोकाला खुर्चीवर बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचा जेवणाचा नंबर यंत्रात टिपायचा. अट एकच, शाळा पूर्ण झालेली हवी.

ती अट केंडलला पाठ होती. त्याच जेवणघरात टॅमी चौदा वर्षं उभ्याने ताटं धूत होती. गुडघे कामातून गेले होते. त्या खुर्चीसाठी तिने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा ती अट आडवी आली.

घरी टॅमीने कागद उभ्यानेच वाचला, मग पुन्हा वाचला.

"वर्षभरच," केंडल म्हणाली. "मग परत अर्ज करीन."

"हो तर. वर्षभरच."

टॅमीला खोटं बोलताना हाताला काही काम लागतं. तिने नळ सोडला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी घंटेआधी टॅमी धुण्याच्या खोलीतून बाहेर आली. हातात पिशवी होती. तिने आतून एक उशी काढली, ठिगळं जोडून शिवलेली, खुर्चीच्या मापाची. कोपऱ्यातलं लाल ठिगळ केंडलच्या लहानपणच्या झग्याचं होतं. उशीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तिच्यावर कधी कुणी बसलेलं दिसत नव्हतं.

"ही कधी शिवलीस?"

"इथे कामाला लागले तेव्हा. तू तीन वर्षांची होतीस." टॅमीने उशी खुर्चीवर ठेवून तळहाताने सारखी केली. "बस. उंची बरोबर आहे का बघ."

केंडल बसली. तिने पाय जमिनीला टेकवून पाहिले.

"बरोबर आहे, आई."

टॅमी हसली, अगदी मनापासून, आणि गुडघ्यावर हात टेकत आत वळली. घंटा झाली. चौथ्या वर्षाची पोरं आधी येतात. पुढे फेथ होती, केंडलच्या शेजारच्या बाकावरची. ताट हातात धरून ती थबकली.

"अगं, तू तर सुटलीस ना इथून?"

केंडलने यंत्र जवळ ओढलं.

"नंबर सांग," ती म्हणाली. "मागे रांग आहे."