कपाटात कोंडलेला दोर

मी एक जुना दोर आहे. कडा चढणाऱ्या मुलांच्या कमरेला बांधला जाणारा, निळा, करंगळीएवढा जाड. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम शाळेच्या खेळसामानाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. तुटक्या रॅकेटी माझ्या उरावर बसल्या आहेत. दाराच्या फटीतून येतो तेवढाच उजेड.

कारखान्यात असंख्य बारीक तंतू वळून मला घडवले आणि वरून विणीचे आवरण चढवले. मग मी शाळेच्या साहस क्लबात आलो. काय ते दिवस! वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुले माझ्या भरवशावर कडा उतरत आणि खाली पोचली की दुसऱ्यांना धीर देत. जुने सर दर मोहिमेला एका मुलाला म्होरक्या नेमत. दोर न्यायचा की नाही, हे म्होरक्याच ठरवी. त्यात सरही बोलत नसत.

सर निवृत्त झाले, क्लब बंद पडला आणि मी इथे खितपत पडलो. कुणीतरी वरच्या कप्प्यात गाडीची जुनी बॅटरी ठेवली. ती गळू लागली. तिचे आम्ल थेंब थेंब माझ्यावर पडे आणि मला सरकताही येत नसे. आतले तंतू सडले. वरून मात्र मी तसाच ऐटदार! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. ओरडणार तरी कसा?

परवा दार उघडले. नव्या बाईंनी क्लब पुन्हा सुरू केला होता.

"अरे वा, हा तर नवाकोराच आहे! चला, ठेवा गाडीत."

मला बाहेर जायचे होते हो! पण कड्यावर मी तुटणार, हेही मला ठाऊक होते. मी भीतीने गारठलो.

म्होरक्या नेमायची सरांची रीत बाईंनीही ठेवली होती; त्या दिवशीची म्होरकी होती बारकी. पंधरा वर्षांची, पण चणीने लहान, म्हणून हे नाव. तिने मला मांडीवर घेतले आणि डोळे मिटून चिमटीतून वीत वीत सरकवू लागली.

"अगं, गाडी खोळंबलीय," बाई म्हणाल्या.

"बाई, माझी ताई या क्लबात होती ना, तेव्हा असंच तपासायचे. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं."

"झाली लगेच पुढारी! आटप की बारके," मागून कुणीतरी ओरडले.

तिची बोटे थांबली. तिथे मी भिजल्या वातीसारखा मऊ पडलो होतो.

"हा दोर न्यायचा नाही," ती म्हणाली. "आज कडा नाही. टेकडीवर चालत जाऊ."

"महिनाभर वाट बघितली आम्ही!"

"रागवा माझ्यावर. पण हा दोर मी कुणाला बांधू देणार नाही."

बाईंनी स्वतः ती मऊ जागा दाबून पाहिली आणि गाडीतले सामान उतरवायला सांगितले. माझा जीव भांड्यात पडला. लगेच रडूही आले, कारण बारकीने मला धोक्याची खूण म्हणून लाल चिंधी बांधून परत कपाटात ठेवले.

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही जीव टांगता, त्याला अडगळ समजू नका. वापरा, तपासा, कोरड्या जागी ठेवा. मला अजूनही वाऱ्याची फार आठवण येते. तरीही पुन्हा कधी हे दार उघडलेत आणि मी कितीही नवा दिसलो, तरी मला बाहेर नेऊ नका.