प्रवासी वेगळे मिळतील

फोनवर तिने एका दमात तीनदा 'दादा' म्हटलं, तेव्हाच मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आमच्या धंद्यात एकदा दादा म्हणणाऱ्याला दुरुस्ती हवी असते, दोनदा म्हणणाऱ्याला उधारी. तीनदा म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते बसूनच ऐकावं.

ती सावकाशकाकांची मुलगी. लांबच्या शहरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, बोलणंही तिथल्या बाटल्यांसारखं, लेबल लावलेलं. बाबांच्या गेमच्या खात्याचा पासवर्ड अजून तुमच्याकडे आहे का, असं तिने विचारलं. आहे म्हटलं. नाकारण्यात अर्थ नव्हता, मीच ते खातं उघडून दिलं होतं. मग तिने सांगितलं की ते खातं तिच्या कार्डाला जोडलेलं आहे आणि गेले काही आठवडे गेम विकणाऱ्या कंपनीला त्यातून पैसे जाताहेत. एका वेळी थोडेच, कामाच्या गडबडीत बँकेचा मेसेज नजरेतून सुटावा इतपत. आता बेरीज केली तर ती घरभाड्याच्या जवळ गेली होती. बाबा म्हणतात, मी काहीही विकत घेतलेलं नाही. मग तिने त्यांना विचारलं, घरी कोण येतं. त्यांनी माझं नाव सांगितलं.

"मी तुमच्यावर आळ घेत नाहीये, दादा."

हा चौथा.

कंपनीने तिला विचारलं होतं, खरेदी घरच्या माणसाने केली की बाहेरच्याने? घरच्याने केली असेल तर वस्तू काढून घेऊन, एकदाच, पैसे परत. बाहेरच्याने केली असेल तर चौकशीसाठी खातं बंद, म्हणजे गेमही बंद. संध्याकाळी ड्यूटी सुटली की ती 'बाहेरच्याने' असं कळवणार होती. वर म्हणाली, मग तो कॉम्प्युटर तरी कशाला ठेवायचा, तुम्ही परत घ्याल का, आणि कितीला? अंगावर आळ असतानाही सांगतो, बाई मला आवडली.

सावकाशकाका माझ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. सगळी नोकरी शहरातल्या बसवर ड्रायव्हर म्हणून केली. प्रत्येक थांब्यावर मागे न बघता "सावकाश" म्हणायची सवय, ती नावाला चिकटली. काकू गेल्या, मुलगी नोकरीला गेली, आणि काका जिन्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाला सावकाश म्हणू लागले. लोक जास्तच घाईने उतरायचे. माझ्याकडे मात्र ते थांबत. रेडिओ बिघडलाय म्हणून आणायचे, मी उघडून बघायचो, तो ठणठणीत असायचा. मी झाकण पुन्हा लावून द्यायचो. माझ्याकडे तरी विनाकारण कोण येतं? वस्तू मोडली की माणसं येतात, दुरुस्त झाली की जातात, आणि जाताना घासाघीस करतात.

मागे एका हौशी गिऱ्हाइकाने कंटाळून गेम खेळायचं स्टीअरिंग माझ्याकडे विकलं होतं, पायाशी ठेवायच्या पेडलांसकट. तो सगळा संसार मी एका जुन्या कॉम्प्युटरला जोडून काकांच्या गळ्यात मारला. हो, मारलाच, नफा घेतला. गेम मुलीने सवलतीत घेतला, शहरात बस चालवायचा. तो उतरवून घ्यायला आख्खी दुपार गेली आणि तेवढा वेळ ती फोनवर होती. "बाबा, यात आता पुढे एक पैसाही लागणार नाही," हे तिचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी काका खाली आले. रेडिओ न घेता. गाडी बरी आहे, म्हणाले, गिअर जरा हलका आहे, पण रिकामीच पळते रे. थांब्यावर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, सुट्ट्या पैशांची कटकट वाचली. ते हसले नाहीत. पुढे एकदा जिन्यात भेटले तेव्हा चेहरा उजळलेला. लागलेत लोक यायला, म्हणाले. मी छान म्हटलं आणि पुढे गेलो. तिथेच थांबून विचारलं असतं तर हा फोन आलाच नसता.

तर मी भर दुपारी शटर ओढलं आणि वर गेलो. तीन मजले चढेपर्यंत चांगली चार-पाच वाक्यं जुळवली होती. म्हातारं माणूस म्हणून सोडायचं नाही, असंही ठरवलं होतं.

दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, इतक्या आनंदाने की पहिलं वाक्य तिथेच गेलं. खोली झाडलेली, भांडी पालथी घातलेली. खुर्च्या दोन. एक स्टीअरिंगपुढे, दुसरीवर घड्या घातलेल्या कपड्यांची चळत. त्या खुर्चीवर माणूस बसल्याला बरेच महिने झाले असावेत, कारण कपडे उचलून कुठे ठेवायचे हे काकांना चटकन सुचेना. शेवटी गॅसच्या ओट्यावर ठेवले.

मी फोनचं काही काढलं नाही. म्हटलं, काका, गाडी दाखवा की चालवून.

त्यांनी चपला काढून बूट घातले. जवळचा चष्मा काढून लांबचा लावला. आरशात, म्हणजे पडद्यावरच्या आरशात, बघितलं आणि गाडी काढली. गाडीत खरंच माणसं होती. पुढे दोन म्हातारे, मध्ये गळ्यात ओळखपत्र घातलेले ऑफिसवाले, मागे दप्तरवाल्या पोरी. काका त्यांची ओळख करून देत होते. तो टकला रोज पुलापाशी उतरतो. त्या पोरी फार दंगा करतात, पण उतरताना हात हलवतात. मी बघितलं, खरंच हलवत होत्या. हात हलवायचे पैसे वेगळे लावले असतील का, असा एक विचार मनात येऊन गेला.

पुढच्या थांब्यावर बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक बाई उभी होती. तिच्याभोवती बारीक पिवळी कड. तिने हात वर केला, काकांनी अलगद ब्रेक दाबला आणि अंगठा स्टीअरिंगवरच्या हिरव्या बटणाकडे नेला. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांची पट्टी आली. लांबच्या चष्म्यातून ती दिसणं शक्य नव्हतं. मी वाकून वाचली. बाजाराचे प्रवासी, वेगळे मिळतील, किंमत अमुक, घेण्यासाठी हिरवं बटण दाबा.

दार उघडायचं बटणही तेच. ज्याने हे सुचवलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. मी इतकी वर्षं धंदा करतोय, पण हे मला सुचलं नसतं.

मी काकांचं मनगट धरलं. "काका, थांबा."

"थांबलोच आहे की."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारे विकत घेतलेले आहेत, ऑफिसवाले विकत घेतलेले आहेत, पोरीसुद्धा. ते ऐकत होते आणि बाई पडद्यावर हात वर करून उभी होती.

"मी काही घेतलं नाही," ते म्हणाले. "मी दार उघडलं. माणूस हात करून उभा आहे, आणि मी तसाच पुढे जाऊ?"

मी माझा हिशेब पुढे केला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकच उरलं होतं. "आणि माझं नाव का सांगितलंत?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तिने विचारलं, घरी कोण कोण येतं. आता खोटं कशाला सांगू? तू येतोस."

मी ओट्यावरची कपड्यांची चळत गॅसपासून जरा लांब सरकवली. यादी मागितली होती, त्यात एकच नाव होतं, एवढीच गोष्ट.

फोन त्यांनीच लावला. तोवर तिची ड्यूटी सुटायला आली होती. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय असल्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. त्यांनी सरळ सांगितलं, दार मी उघडलं, त्यातच ते प्रवासी विकत घेतले गेले, त्या मुलाचा काही संबंध नाही. त्या मुलाचे केस पिकलेत, पण असो. तिने माझ्यासाठी माफीचा निरोप दिला, त्यात दादा एकदाच होतं, ते मी खरं धरलं. मग म्हणाली, राहू दे बाबा, ठेव ते प्रवासी, मी भरते पैसे.

काका म्हणाले, "अगं, भाडं प्रवासी देतो. मी त्यांना भाडं देऊन बसवू? घे परत सगळे."

ती हसली. त्या हसण्यात सुटकाही होती, घरभाड्याएवढी. घरच्याने केलं असं कळवते, म्हणाली, आणि कार्डही काढून टाकते. या सुट्टीत जमलं तर येईन, नाहीतर पुढच्या.

"ये सावकाश," काका म्हणाले. तिने बरं म्हटलं.

पैसे परत आल्याचं तिने दोन दिवसांनी कळवलं, तेव्हा मी पुन्हा वर होतो. कपडे आता कपाटात होते. काकांनी बूट घातले, गाडी काढली. टकला नव्हता, पोरी नव्हत्या. आरशात नुसत्या सीटा. पुलापाशी ते सवयीने थांबले आणि मग निघाले.

पण बाजारवाली बाई होती. कंपनी गिऱ्हाईक सहजासहजी सोडत नाही. तिने हात वर केला. काकांनी गाडी तिच्या पायाशी आणून उभी केली आणि हिरवं बटण दाबलं. कार्ड नाही, अशी पट्टी आली आणि गेली. दार उघडलं नाही. पिशव्या घेऊन एका बाईला चढायला जितका वेळ लागेल तितका वेळ ते थांबले. मग हळूच पहिला गिअर टाकला.

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. त्यांनी न बघताच वर बोट दाखवलं. पडद्याच्या वरच्या भिंतीवर त्यांच्या जुन्या गाडीतली एक पाटी ठोकलेली होती. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

मी मागच्या खुर्चीत बसून राहिलो. पुढच्या थांब्यावर तीच बाई उभी होती.