राख ओढणारा खडा

पंचशीलेनं चिमट्यानं तो तापलेला खडा चुलीच्या वैलामागून बाहेर ओढला, तोच चुलीपुढची राख उडून त्याला चिकटली. तिनं फुंकर मारली. राख झडली आणि पुन्हा चिकटली. तिच्या हातातून चिमटा गळून पडला.

वस्तीच्या नव्या विहिरीत तो दुपारी भीमाला, तिच्या नवऱ्याला, सापडला होता. बोटाएवढा, कडेनं हिरवागार, पोटात गुलाबी. असलाच एक आधी निघाला, तेव्हा देगलूरच्या सराफानं ‘तुरमली आहे, रत्नच, पण तडकलेली’ म्हणून परत दिला होता. हा मात्र भीमानं घाईघाईनं चुलीमागं दडवला आणि तो सुरुंग भरायला परत गेला.

दडवायला कारण होतं. विहिरीची जागा शेषेराव पाटलांनी दिलेली, तीही नुसती तोंडी. मागल्या साली त्यांच्या शेतात एक गुळगुळीत दगड निघाला. त्याला शेंदूर लागला, भोवती चौथरा झाला, आणि तिथं कुदळ मारायची सोय उरली नाही. शेजारचं लातूर नवा जिल्हा झालं, कचेऱ्या थाटल्या, पण पाणी ना त्या जिल्ह्यात होतं ना या. अशात विहीर थांबली तर?

भुताखेतांवर आपला विश्वास नाही, असं पंचशीला स्वतःला बजावत होती. तरी पडलेला चिमटा उचलायला ती वाकली नाही.

“पंचशीला, हाईस का?”

दारात पाटलांची बायको, धोंडाबाई. आजवर तिनं या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. खडा झाकायला उशीर झाला होता.

“काय हाय ते?”

“दगड हाय, पाटलीणबाई. हिरीतला.”

“राख वढायलाय की.”

धोंडाबाईचे हात आपसूक जोडले गेले. संपलं, पंचशीलेला वाटलं. आता इथंही शेंदूर, इथंही चौथरा. आणि पुन्हा पाटलांच्या विहिरीशी खाली घागर धरून, वरून कुणी पाणी वाढील म्हणून ताटकळणं.

धोंडाबाईनं जोडलेले हात सोडले. कोपऱ्यातली पाटी उचलून तिनं खड्यावर पालथी घातली.

“कुणाला दावू नको. आमच्या मालकाला तर न्हाईच. खोदणं बंद करतील.”

एवढं बोलूनही ती जागची हलेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“आमची हीर आटली गं. तुमच्या हिरीला पाणी लागलं, तर वाढशील का? मी खाली घागर धरीन.”

पंचशीला पुढं झाली.

“खाली कशाला धरताव? तुमच्या हातानं शेंदा.”